ड्रायव्हरचं ताट

नोकरीभर त्याने साहेबांना या रस्त्याकडेच्या सरकारी विश्रामगृहात आणून सोडलं, पण पायरी चढून आत जायचा योग काही आला नाही. साहेब उतरायचे, दार धाडकन लावायचे आणि मागे वळूनही न बघता व्हरांड्यात गडप व्हायचे. आत भांड्यांचा खणखणाट सुरू झाला की बाहेर हा गाडीत बसून गार डबा उघडायचा. साहेबाला ड्रायव्हरची मान तेवढी दिसते, पोट दिसत नाही, असं तो घरी म्हणायचा आणि मायलेकी खो खो हसायच्या.

तीच लेक आता रस्ते खात्यात मोठी इंजिनिअर झाली होती. आज ती पाहणीसाठी इथे येणार, हे कळल्यावर निवृत्त बाप न सांगता बसने येऊन थडकला. कौतुक होतंच, पण पोटात भीतीही होती. खुर्चीने भल्याभल्यांची डोकी फिरलेली त्याने गाडीच्या आरशातून पाहिली होती. आपली पोरही त्यातलीच निघाली तर? तसं दिसलं तर न भेटताच परतीची बस धरायची, असं ठरवून तो फाटकाजवळच्या झाडाखाली बसून राहिला. इमारतीला नवा रंग दिला होता, पण व्हरांड्यातल्या आरामखुर्च्या त्याच होत्या.

भर दुपारी गाडी आली. लेक उतरली. चेहरा उन्हाने रापलेला, बुटांना डांबर, कानाला फोन. तिने दार धाडकन लावलं आणि तरातरा आत निघून गेली. ड्रायव्हर गाडीतच.

बापाचं तोंड कडू झालं. एवढं शिकवलं ते यासाठी? तो बसस्टँडकडे जायला उठला खरा, पण भुकेल्या ड्रायव्हरला तसंच सोडून जाणं त्याला जमणारं नव्हतं. पिशवीतला डबा काढून तो गाडीपाशी गेला.

"ये रे बाबा, दोन घास खाऊन घे. तुझ्या मॅडमचं चालू दे निवांत."

"नको काका," ड्रायव्हर काचा वर करत म्हणाला, "माझं ताट आत आहे. गाडी सावलीला लावतो आणि पळतो. मी गेल्याशिवाय मॅडम जेवायला बसत नाहीत."

"उगाच थापा मारू नकोस."

"शपथ! पहिल्या दिवशी मी गाडीतच बसून राहिलो, तर स्वतः बाहेर आल्या आणि मला असं झापलं म्हणून सांगू! म्हणाल्या, माझ्या बाबांनी जन्मभर गाडीत बसून गार डबा खाल्ला. माझ्या गाडीवर हे चालायचं नाही."

म्हातारा गाडीला हात टेकून उभाच राहिला. आपण तर घरी नुसते विनोद करत होतो, आणि ही पोर हसता हसता सगळं मनात साठवत होती! तिला मोठी नोकरी लागली तेव्हासुद्धा त्याची छाती एवढी फुगली नव्हती. रस्ते काय, शिकलेलं कुणीही बांधेल.

व्हरांड्यातून विश्रामगृहाचा रखवालदार ओरडला, "ओ ड्रायव्हर, चला लवकर! मॅडम खोळंबल्यात." मग गाडी सावलीला लावून आलेल्या ड्रायव्हरच्या मागोमाग येणाऱ्या म्हाताऱ्याला त्याने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आणि तुम्ही हो कोण?"

"आत खोळंबलीय ना," पायरी चढत म्हातारा आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तिचा बाप. अजून एक ताट वाढा."