दहातली एक

“दहा मुलं असली की आकडा जाहीर होतो. नऊ असली तर नाही,” ओरालियाच्या टेबलाच्या कडेवर टेकत प्राचार्य डेलगाडो म्हणाले. “कळतंय ना तुला?”

ओरालियाला कळत होतं. चौदा वर्षं शाळेचं दप्तर तीच सांभाळत होती. लास क्रूसेसमधली ती लहानशी शाळा; पट सत्त्याण्णवचा, पैसा सरकारचा, कारभार स्वतःचा, आणि दर पाच वर्षांनी परवाना नव्याने मिळवायचा. यंदा ती पाळी होती. राज्य सरकार प्रत्येक शाळेचा निकाल गटागटाने छापत असे: मुली, मुलगे, मेक्सिकन वंशाची, गरीब घरची, अजून इंग्रजी शिकणारी. दहापेक्षा लहान गटापुढे आकड्याऐवजी नुसती चांदणी. इंग्रजी शिकणारी मुलं यंदा बरोबर दहा होती. सराव परीक्षेत त्यांतली आठ नापास.

“परवाना गेला तर तूही घरी आणि मीही घरी,” डेलगाडो म्हणाले. “कुणाला काढ असं मी म्हणत नाही हं. पण दुसरीकडे कुणाचं जास्त भलं होणार असेल, तर सांगायला काय हरकत आहे?”

नाव त्यांनी घेतलं नाही. ते ओरालियानेच निवडलं. नायेली ओरोस्को कच्ची मुळीच नव्हती, पास झालेल्या दोघांपैकी एक होती. पण तिची आई एउफेमिया उलट प्रश्न विचारणारी नव्हती.

एउफेमिया मोटेलच्या धुलाईखान्यातून तशीच आली, खुर्चीच्या टोकावर बसली.

“मोठ्या शाळेत इंग्रजीसाठी वेगळे शिक्षक आहेत,” ओरालिया स्पॅनिशमध्ये म्हणाली.

“पण पोरीला इथंच आवडतं हो, बाई. गणिताचे सर तर तिला...”

“माझी मुलगी असती ना, तर मीही तिला तिकडेच घातली असती.”

एउफेमियाने शाळा बदलण्याच्या अर्जावर लगेच सही केली. “तुम्ही आपल्यातल्या, म्हणून सांगितलंत. नाहीतर आम्हाला कोण सांगतंय!”

नायेली दारात उभी होती. “माझं काही चुकलं का, बाई?”

“नाही गं,” ओरालिया म्हणाली आणि दाखल्यावर शिक्का मारला.

वसंतात परीक्षा झाली. पानगळीत अहवाल आला, त्या रकान्यात चांदणी होती. परवाना मिळाला. डेलगाडोंनी केक आणला, पहिला तुकडा ओरालियाला दिला. सगळे टाळ्या वाजवत होते, म्हणून तिने तो गिळला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, चर्चच्या अंगणात एउफेमिया समोर आली. ओरालियाला वाट बदलायची होती, पण उशीर झाला होता.

“बाई, तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते,” एउफेमिया खाली बघत म्हणाली. “पोरीने शाळा सोडली. दोन हजार मुलांत कुणी तिला ओळखेना. वर एक वर्ष मागं बसवलं. नाताळापासून माझ्याबरोबर चादरी धुते.”

ओरालिया एक पाऊल मागे सरकली.

“तुम्ही एवढं आपलेपणानं केलंत आणि आम्ही त्याचं असं मातेरं केलं. माफ करा.”

सगळं ओरालियाच्या ओठांपर्यंत आलं. तिने तोंडही उघडलं. एउफेमियाने तिचा हात आपल्या खरखरीत हातांत धरला होता आणि वाट बघत होती.

“असू दे,” ओरालिया म्हणाली.

एउफेमियाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. वळून तिने कुंपणापाशी लांब उभ्या असलेल्या मुलीला हाक मारली, “नायेली, ये गं इकडे. बाई रागावल्या नाहीत.”