‘हं’चा चौकोन

ऑफिसात त्याला सगळे चौकोनराव म्हणत, आणि बेट्याला ते आवडायचंही! लांबलचक तारेतून येता येता सिग्नलचे ठोके लुळे पडतात, कडा झिजतात, वर गोंगाट चिकटतो. या इंजिनिअरने बनवलेलं सर्किट त्यांना पुन्हा ताठ, चौकोनी करायचं. ठोका पुरेसा वर गेला की ‘हो’, पुरेसा खाली आला की ‘नाही’. मधेच घुटमळला तर आधीचंच उत्तर कायम. किरकोळ कुरकुरीला सर्किट भीक घालत नसे.

“मधलं काही नसतंच,” तो कॅन्टीनमध्ये छाती फुगवून सांगायचा. ऐकणाऱ्यांचा चहा गार व्हायचा.

इथवर ठीक होतं हो! पण हा शहाणा तेच सर्किट डोक्यात घालून घरी आला.

झालं असं, की त्याला बढती मिळाली, तीही दुसऱ्या शहरात. बायकोचं कोपऱ्यावर शिवणकामाचं दुकान होतं, एकेक गिऱ्हाईक जोडून उभं केलेलं. ती परकराची पट्टी दुमडत बसली असताना याने विचारलं, “दुकान बंद करून जाऊ या ना?” तिच्या तोंडात टाचण्या होत्या. ती म्हणाली, “हं.”

संपलं! याच्या हिशेबी तो ‘हो’ झाला. पुढे ती रोज काही ना काही म्हणत राहिली. “पण माझ्या गिऱ्हाइकांचं काय?” “मला जरा विचार तर करू द्या.” हा सगळा गोंगाट. आधीचं उत्तर कायम. गडी खुशाल जाऊन गाळ्याच्या मालकाला सांगून आला, की गाळा रिकामा होतोय.

दोन दिवसांनी मालक एका बूटवाल्याला घेऊन दुकानात हजर. बूटवाल्याने तिचाच टेप उचलला आणि भिंत मोजायला लागला. तिने हातातलं काम टाकलं आणि नवऱ्याला बोलावून घेतलं.

“तू हो म्हणाली होतीस,” चौकोनराव दारातूनच म्हणाला.

“मी हं म्हणाले होते! तोंडात टाचण्या होत्या माझ्या!”

“मग नंतर सरळ नाही म्हणायचंस.”

“रोज म्हणत होते की! तुम्हाला ऐकू कुठे येतं?” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. राग तर इतका आला होता, की कात्री हातात नव्हती हे बरंच झालं.

मालक कंटाळला. “साहेब, भांडण घरी करा. गाळा रिकामा होणार की नाही? एक काय ते बोला.”

चौकोनरावाला बढतीची खुर्ची दिसत होती, आणि समोर बायको. हो म्हणावं तर ही गेली, नाही म्हणावं तर ती गेली. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि शेवटी आतून कसाबसा एक आवाज आला.

“हं...”

“आता हं म्हणजे काय?” मालक खेकसला.

“नाही म्हणाले ते,” बायको म्हणाली, आणि बूटवाल्याच्या हातातला टेप काढून तिने आपल्या गळ्यात अडकवला.