धारेचा वाटा

वादविवाद स्पर्धेत कप मिळाल्यापासून माझं तोंड बंद होत नव्हतं. त्याआधी वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा मला आवाज शोधावा लागायचा. आणि आता? दूध कुठलं आणावं इथपासून शेजारच्यांनी गाडी कुठे लावावी इथपर्यंत प्रत्येक गोष्टीवर माझं मत तयार. आई मला ‘वकीलसाहेब’ म्हणायला लागली होती आणि मला ते पदवी मिळाल्यासारखं वाटायचं.

त्यामुळे आईच्या सुरीखाली टोमॅटो फुटून भिंतीवर उडाला, तेव्हा खटला आपोआप माझ्याकडे आला.

“ही सुरी आहे की चमचा?” आई ओरडली.

“बाबांना दे ना धार लावायला.”

“ते शनिवारी लावतील. आधी तुझ्या काकाचा चाकू, मग उजेड उरला तर माझी सुरी. तोवर आपण टोमॅटो पिऊया.”

हे खरं होतं. दर शनिवारी दुपारी काका आपला शिकारीचा चाकू घेऊन यायचा. शेतं उकरणाऱ्या रानडुकरांना मारायचा परवाना त्याच्या टोळीकडे आहे. बाबा पूर्वी त्या टोळीचे म्होरके होते. काकाला बंदूक धरायला त्यांनीच शिकवलं. मग घसरून बाबांचा गुडघा मोडला आणि चढ चढणं कायमचं बंद झालं. पण टोळीने त्यांचं नाव काढलं नाही. जो चाकूला धार लावतो तोही शिकारीतला, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. शिकारीच्या मांसात जसा बंदुकीचा वाटा, गाडीचा वाटा, तसा धारेचा वाटा. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासतात, त्यामुळे घासण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. पायरीवर बसून, धारेचा दगड पाण्यात भिजत घालून, काकाशी गप्पा मारत ते अख्खी दुपार त्या एका पात्यावर घालवायचे.

मला त्यातली अख्खी दुपारच तेवढी दिसली.

मी कामाला लागले. धार लावायच्या यंत्रांचे इतके व्हिडिओ पाहिले की स्वप्नातही कोणीतरी कागद कापत होतं. विजेचं यंत्र बाद, कारण ते मांजरावर पाय पडल्यासारखं किंचाळतं. सळई बाद, तिला सवयीचा हात लागतो. शेवटी मी निवडलं ते खाचांचं. एक खाच जाड पात्यासाठी, एक पातळ पात्यासाठी, खाली रबर, म्हणजे ओट्यावरून सरकत नाही. पातं खाचेत ठेवा, आपल्याकडे ओढा, झालं. शिकारीचा चाकूही चालतो, स्वयंपाकघरातली सुरीही. बक्षिसाच्या कुपनावर मी ते आणलं आणि शनिवारची वाट पाहत बसले.

काका आला. बाबा दगड भिजवून बसलेच होते. त्यांनी हात पुढे केला, पण मी मधेच उडी मारली.

“थांबा! आज बाबांना सुट्टी.”

यंत्र पायरीवर ठेवलं, चाकू खाचेत घातला. सर्र, सर्र, सर्र. मग वर्तमानपत्राचं पान उभं धरून त्यातून पातं असं फिरवलं की पानाचे दोन तुकडे हवेत तरंगले. आईने टाळ्या वाजवल्या. आणि मी, भाषणाचा शेवट टाळीचा हवा म्हणून, हात पसरून म्हणाले, “बाबांना जे करायला अख्खी दुपार लागते, ते आता कोणीही करू शकतं. काकासुद्धा!”

सगळे हसले. बाबाही हसले.

“दादा, तुझी सुटका झाली बघ,” काका म्हणाला. “उगाच तुला त्रास द्यायचो. वहिनी, हे यंत्र घेऊन जातो हं, टोळीतल्या पोरांना दाखवतो.” आणि तो गेला. एरवी चहा घेऊन अंधार पडेपर्यंत बसायचा. बाबांनी ओले हात पँटला पुसले. मी अजून माझ्याच टाळ्या ऐकत होते.

रविवारी संध्याकाळी काका परत आला तेव्हा मात्र त्या ऐकू आल्या नाहीत. दरवेळी तो मांसाचं पुडकं बाबांच्या हातात ठेवायचा आणि म्हणायचा, “दादा, धारेचा वाटा.” या वेळी त्याने ते आईकडे दिलं. “वहिनी, तुमच्यासाठी थोडं आणलंय.”

“डुक्कर कुठे सापडलं?” बाबांनी खुर्चीतूनच विचारलं.

“ओढ्यापलीकडे. सांगतो नंतर, गाडी चालूच ठेवलीये.”

बाबांनी मान हलवली. जेवताना ताट बाजूला सारलं. “पोट जड आहे जरा.”

भांडी घासताना आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “वकीलसाहेब, तुम्ही जिंकलात हो. पण कोणाविरुद्ध, ते बघितलंत का?”

माझे कान आधी तापले, मग मान. बाबांना शिकारीला जाता येत नव्हतं. धार लावल्यामुळे ते गेल्यासारखे होते. ते मी सर्र-सर्र करून काढून घेतलं होतं. तेही लोकांना हसवून! तो आठवडाभर मी शाळेत हात वर केला नाही. मैत्रीण म्हणाली, “घसा बसलाय का?” मी म्हटलं, हो.

पुढच्या शनिवारी शाळेतून आले तर बाबा पायरीवर. दाढी केलेली, शर्ट बदललेला आणि बादलीत दगड भिजत घातलेला. रस्त्याकडे बघत होते. काका येणार नव्हता. कशाला येईल? यंत्र त्याच्याकडेच होतं.

मी दप्तर टाकलं आणि सायकल काढली.

काकाच्या अंगणात टोळी जीपमध्ये सामान भरत होती. या वेळी त्यांना संध्याकाळीच निघून डोंगराखाली मुक्काम करायचा होता. “आली रे आली, धारवाली बाई!” बेकरीवाला ओरडला. “यंत्र एक नंबर हं!”

कप मिळवताना मी दोनशे जणांसमोर बोलले होते. इथे चौघे होते आणि मला वाक्य जुळेना.

“काका, बाबांनी... दगड भिजत घातलाय.”

“अगं, पण चाकूला धार आहे की.”

“माहितीये.” माझा आवाज फाटला. “दाढी करून बसलेत.”

बेकरीवाल्याने हातातली दोरी खाली ठेवली. काकाने जीपचं दार उघडलं. “बस गाडीत.”

सगळी वरात आमच्या दारात आली. काका उतरला, चाकू आणि यंत्र दोन्ही बाबांपुढे ठेवलं आणि जरा जास्तच मोठ्याने म्हणाला, “दादा, ह्या यंत्राचं काही खरं नाही बघ. पातं पार बिघडवलं. तूच बघ बाबा.”

बाबांनी पातं उजेडात धरलं. अंगठा हलकेच धारेवरून आडवा नेला. मग माझ्याकडे पाहिलं. मी सायकलही तिकडेच विसरून जीपमधून उतरले होते. त्यांना काय कळायचं ते कळलं.

“खोटं कशाला बोलतोस?” ते काकाला म्हणाले. “छान धार आहे. हिने आणलं ना तुला पकडून?”

मला वाटलं, बादलीत मावत असते तर तिथेच बसले असते. आधी त्यांचं काम काढून घेतलं आणि आता टोळीसमोर त्यांच्यासाठी भीक मागून आले!

“दादा, तसं नाही...”

“निघा आता, उजेड जाईल.” बाबांनी चाकू म्यानात घालून परत दिला. “आणि उद्या वाटा आणू नकोस. धार मी लावलेली नाही.” काकाची मान खाली गेली. “पण ये. गाडी बंद करून ये, आणि बसून नीट सांग, डुकराचा माग कुठून लागला, कोण कुठे उभं होतं. त्या यंत्राला हे सगळं विचारता येत नाही.”

काका “हो” म्हणाला, तेही कसंबसं. जीप गेली.

मी तिथेच उभी. “बाबा, मी...”

“आईची सुरी आण,” बाबा म्हणाले.

मला वाटलं, दगडावर लावतील. त्यांनी यंत्र पुढ्यात ओढलं. “कुठली खाच?”

“पातळची. ही.” मी कुजबुजले. “आपल्याकडे ओढायचं. दाबायचं नाही.”

त्यांनी ओढलं. पुन्हा ओढलं. काच घासताना बघतात तसं मान वाकडी करून पात्याकडे बघितलं.

“सोपं आहे की गं खरंच,” ते म्हणाले.

टोमणा असता तर बरं झालं असतं. मला टोमण्याला उत्तर देता येतं. ते मनापासून म्हणाले होते, आणि मला मान वर करता येईना. “टोमॅटो आण बघू एक,” ते म्हणाले. मी आत गेले आणि ओट्यापाशी टोमॅटो हातात घेऊन बराच वेळ तशीच उभी राहिले.