मॉक ड्रिलमधला अतिरेकी

अजिनाथ वाघमोडेचं पोट टॉवेलच्या कारखान्यावर चालायचं आणि जीव नाटकात रमायचा. हौशी नाटकांतून त्यानं फौजदार केले, दारुडे केले, एकदा तर म्हातारीसुद्धा केली. त्यामुळं सजग नागरिक मंचाच्या सिद्धलिंग बिराजदारनं बाजारात अतिरेकी हल्ल्याचं मॉक ड्रिल ठरवलं, तेव्हा अतिरेकी म्हणून त्याला दुसरं नाव सुचलंच नाही.

"लोक जागे व्हायला पाहिजेत की," सिद्धलिंग म्हणाला आणि पिशवीतून नमाजाला घालतात तसली जाळीची टोपी काढून त्यानं टेबलावर ठेवली.

"ही कशाला?"

"पब्लिकला लांबनंच कळायला नको?"

अजिनाथला ते रुचलं नाही. पण पात्र म्हटलं की वेश आलाच, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि टोपी खिशात टाकली.

रविवारी सकाळी ती टोपी घालून तो बोळातून लाकडी बंदूक घेऊन ओरडत सुटला. बायका किंचाळल्या, भाजीच्या पाट्या उलटल्या. मंचाच्या पोरांनी त्याला रस्त्यावर लोळवलं. मग सिद्धलिंगनं कर्ण्यावरून जाहीर केलं की हे नुसतं ड्रिल होतं, आणि टाळ्या पडल्या. बोळाच्या तोंडाशीच दस्तगीर मास्तरांचं शिलाईचं दुकान. अजिनाथच्या नाटकांचे कपडे वर्षानुवर्षं तेच शिवत आले होते. मास्तर दारात उभे राहून सगळं बघत होते. अजिनाथनं धूळ झटकत त्यांच्याकडं बघून हात केला. ते हसले नाहीत. आत जाऊन मशीनवर बसले.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गावभर झाला. त्यातला कर्णा आणि टाळ्या कुणीतरी कापून टाकल्या होत्या. खाली लिहिलं होतं, 'सोलापूरच्या भरबाजारात अतिरेकी पकडला. शिंप्याच्या दुकानात लपला होता.' दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या दुकानाची काच फुटली. दगड आला तेव्हा ते काचेजवळच कापड बेतत होते. उजव्या हाताला टाके पडले.

अजिनाथनं तडक सिद्धलिंगला फोन लावला. "तुमी सांगा की लोकांना. मंचाच्या नावानं सांगा."

"सांगू की. जरा दमानं घे. विषय चाललाय तर चालू दे. निवडणूक तोंडावर हाय, गड्या."

 अजिनाथनं फोन ठेवून दिला.

त्याच आठवड्यात एका वृत्तवाहिनीची मंडळी शहरात आली. एका हॉटेलच्या हॉलमध्ये लोकांसमोर चर्चा होणार होती, देशाची सुरक्षा आणि आपण. अजिनाथनं स्वतःहून त्यांचा नंबर मिळवला आणि बाजारातलं सगळं डोळ्यांनी बघितलंय, बोलायचंय, एवढंच सांगितलं. सूत्रसंचालन करणारी अंकिता नावाची बाई आनंदानं म्हणाली, "या, या सर. तुम्हीच हवे आहात." त्याला वाटलं, चला, कुणीतरी ऐकणारं भेटलं.

व्यासपीठावर एक निवृत्त पोलीस अधिकारी होते आणि पुण्याहून आलेले एक वकील. अधिकारी टेबलावर बोट आपटून सांगत होते, "संशय आला की उचला. पुरावा मागाहून बघू. देश राहिला तर कायदा राहील." वकील त्यांच्यावर ओरडत होते, "तुम्हाला देश नको, तुरुंग हवाय!" दोघांच्याही गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. हॉलमध्ये निम्मे लोक एकाला टाळ्या देत होते, निम्मे दुसऱ्याला. फुटलेल्या काचेबद्दल चकार शब्द नव्हता. व्हिडिओ मात्र मागच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरत होता.

मग ब्रेक झाला आणि कडक भाकरी, शेंगाचटणी आली.

"वा, हीच ती सोलापूरची चटणी!" अधिकारी बोटं चाटत म्हणाले. मग वकिलांकडं वळले. "तुमची गाडी पुण्याला जाणार ना? मला सोडाल?"

"सोडतो की. पण पुढच्या भागात मला एकदा देशद्रोही म्हणा. मग मी उठून उभा राहतो."

"उभे राहा, पण कॅमेऱ्याच्या बाहेर जाऊ नका," अंकिता म्हणाली. तिघंही मनापासून हसले.

अजिनाथच्या हातातला घास तसाच राहिला. आयुष्यभर त्यानं नाटकं केली होती, पण प्रेक्षकाला तिकिटावरच कळायचं की हे नाटक आहे. तो अंकिताजवळ गेला. "म्याडम, तो व्हिडिओ खरा न्हाय. ते मॉक ड्रिल हाय. त्यात मी हाय."

"कळलंय आम्हाला. कालच कळलं."

"मग सांगितलं का न्हाय?"

"सर, व्हिडिओ निमित्त आहे हो. प्रश्न तर खरा आहे ना?"

ब्रेक संपला. चटणीच्या तेलानं माखलेलं तेच बोट अधिकाऱ्यांनी वकिलांवर रोखलं, "असल्या देशद्रोह्यांमुळंच!" वकील ताडकन उठले. 

त्याची पाळी आली तेव्हा तो उभा राहिला. "त्या व्हिडिओतला अतिरेकी मी हाय. अजिनाथ धुळा वाघमोडे. टॉवेलच्या कारखान्यात कामाला हाय. टोपी मंचानं दिलेली..."

"म्हणजे उद्या खरा हल्ला झाला तर लोक त्यालाही ड्रिल समजतील, हा धोका नाही का?" अंकितानं अधिकाऱ्यांना विचारलं, आणि त्याचा माईक बंद झाला.

पण शेवटच्या रांगेपर्यंत आवाज न्यायला त्याला माईक कधी लागला नव्हता. तो बोलतच राहिला. दस्तगीर मास्तरांचं नाव, फुटलेली काच, हाताचे टाके, सगळं त्यानं सांगितलं. मागून कुणीतरी ओरडलं, "खाली बस, गद्दारा!" एक तरुण तर मोबाईल धरून शेजारी येऊन उभा राहिला, सेल्फीला. रात्री कार्यक्रम दाखवला, त्यात अजिनाथ उभा राहताना दिसला आणि पुढं जाहिरात लागली.

सकाळी तो मास्तरांच्या घरी गेला. मास्तरांचा हात गळ्यात बांधलेला होता.

"बोल्या क्या रे तू?"

"बोललो, मास्तर. दाखवलं न्हाय."

"मालूम था."  मग मराठीत म्हणाले, "टोपी घातलीस तेव्हा मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर?"

"मैं नक्को बोलता." त्यांनी दाराकडं बघितलं. "आता थोडे दिवस येऊ नको. तू दिसला की पोरं मोबाईल काढतेत."

अजिनाथ मान खाली घालून उठला. बाजारापर्यंत पोचतो न पोचतो तोच सिद्धलिंगचा फोन. बार्शीच्या धान्यबाजारात पुढचं ड्रिल होतं. "तिथली माणसं तुलाच मागतेत. लई गाजलास!"

"येतो की. पण अंगावरच्या कपड्यांत येणार. शर्ट, पँट, कपाळाला भंडारा."

"मग अतिरेकी कोण ते लोकांना कळणार कसं?"

"थू!" अजिनाथ म्हणाला. तो खरंच रस्त्यावर थुंकला, आणि फोन बंद केला.

बार्शीला दुसराच कुणीतरी गेला. मास्तरांनी दुकान सोडलं आणि मशीन घरात नेलं. हात बरा झाला, पण काज करताना बोट वळेना.

पुढच्या महिन्यात अजिनाथचं नवं नाटक लागलं. त्यात तो मुलीचं लग्न मोडलेला बाप होता. पहिल्या प्रवेशाला तो रंगमंचावर आला आणि अंधारातून कुणीतरी शीळ घालून ओरडलं, "आला रे अतिरेकी!" सगळं नाट्यगृह हसलं. पहिल्या रांगेतल्या बायकासुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. समोरच्या नटानं वाक्य दोनदा म्हटलं.  अजिनाथ हसणं थांबायची वाट बघत उभा राहिला. ते थांबेना, तेव्हा तो वळला आणि विंगेत निघून गेला.