पावडरखालचा गाल

“मग हा गाल काय मी स्वतःच भिंतीवर आपटून घेतला होता?” विनीने विचारले.

सरकारी वकीलबाई मिसेस ओकली कोर्टाच्या पॅसेजमध्ये फाईल छातीशी धरून उभ्या होत्या. खटला पुकारायला दहा मिनिटे उरली होती, आणि आरोप बदलायचा आहे हे बाई आत्ता सांगत होत्या.

“तसं कोण म्हणतंय, मिसेस डॉब्सन? तो गुन्हा कबूल करतोय. फक्त ‘प्रत्यक्ष शारीरिक इजा’ऐवजी ‘साधा हल्ला’.”

“साधा?” मी मध्येच तोंड घातले. “मी होते तिथे. साधा म्हणे.”

मी ब्रेन्डा, शाळेच्या स्वयंपाकघरात वाढायला असते. विनी डॉब्सन आमच्या शाळेसमोर एकोणीस वर्षे मुलांना रस्ता ओलांडून देते. अंगात पिवळा कोट, डाव्या हातात ‘थांबा’ लिहिलेल्या गोल पाटीची काठी. उजवा हात मोकळा, कारण जाणारे प्रत्येक पोर तिला टाळी देऊन जायचे. बर्फ पडो, गारठा असो, टाळी चुकायची नाही.

नोव्हेंबरात एका सकाळी कीथ हॅलम नावाच्या माणसाला घाई होती. विनीने पाटी धरली तसा तो आधी हॉर्न वाजवत बसला, मग खाली उतरला. “ए म्हातारे, हो बाजूला,” म्हणाला. ती हलली नाही. त्याने तिच्या हातातली काठी हिसकावली आणि तीच तिच्या तोंडावर मारली. वीस पोरांच्या देखत.

मी तिला आत नेऊन गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी गालावर धरली. दुपारपर्यंत गाल वांग्यासारखा जांभळा झाला.

“इस्पितळात चल,” मी म्हटले.

“अगं, सव्वातीनला पोरं सुटतील. रस्त्यात कोण उभं राहणार, तू?”

मग तिने माझ्या पर्समधली पावडर काढली आणि थरावर थर दिले. “सकाळी बघितलं तेवढं पुरे झालं त्यांना. आता मी धड दिसले पाहिजे.” आरसा मीच धरला होता. गाढव मी.

चार वाजता पोलीसबाई आली. अंधारून आले होते. फुटपाथवरच दोन फोटो काढून गेली. तोंड धू, असे तिने सांगितले नाही, आणि आम्हालाही सुचले नाही.

मिसेस ओकलींनी आता तेच फोटो पुढे केले. त्यात नीटनेटकी, जराशी दमलेली एक बाई होती.

“दवाखान्याची नोंदही नाही,” त्या म्हणाल्या. “त्याचा वकील म्हणेल, थोडी सूज होती.”

“आणि ही घाबरते त्याचं काय?” मी विचारले. “ब्रेक करकचला की अंग कापतं हिचं. रात्रीची झोप नाही.”

“नुसत्या भीतीला इजा धरत नाहीत. डॉक्टरांनी आजार म्हणून लिहून दिलं असतं तर गोष्ट वेगळी.”

माझे डोकेच फिरले. इंग्लंडचा हा कायदा अठराशे एकसष्ट सालचा. हाड मोडले तर एक कलम, मार उमटला तर दुसरे, आणि पोरांना भीती वाटू नये म्हणून बाईने मार झाकला, तर तो मारच नाही. चीड येते नुसती.

विनी मात्र हळू आवाजात बोलली. “त्याला तुरुंगात घाला असं मी म्हणत नाही. त्यानं जे केलं ते त्याच्या नावापुढे खरं लिहा, एवढंच. तेव्हापासून मी काठी दोन्ही हातांनी धरते. पोरं टाळी मागतात. त्यांना सांगितलंय, कोर्टाचं झालं की देईन.”

“मी समजू शकते.”

“नाही हो, नाही समजत तुम्हाला,” विनी म्हणाली.

आत सगळे अकरा मिनिटांत उरकले. हॅलम इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. ‘साधा हल्ला’ म्हटल्यावर ‘कबूल’ म्हणाला. दंड झाला. आमच्या शेजारून जाताना तो फोनवर सांगत होता, “सुटलो रे. काही विशेष नव्हतं.”

विनीने कोटाची बटणे लावली. आम्ही बसने परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकाशी मुद्दाम थांबले. कोर्टाचे झाले, हे पोरांना कळले होते. विनी रस्त्याच्या मध्यावर उभी राहिली, पाटी वर केली. गाड्या थांबल्या. पहिलीतली झारा सगळ्यांत पुढे होती. विनीपाशी येऊन तिने हातमोजा काढला आणि तळवा वर धरला.

विनीने तळव्याकडे पाहिले. काठीवरची बोटे पांढरी पडली होती, दोन्ही हातांची.

“चल राणी,” ती म्हणाली. “गाड्या खोळंबल्यात.”

झाराने हात खाली घेतला. मग तिने हातमोजा घातला आणि रस्ता ओलांडला.