नाव न विचारणारा फोन

आमच्या अल्बुकर्कीत, नदीकाठच्या जुन्या वस्तीत, एखाद्याला नाव न सांगता बोल म्हणणं म्हणजे उघड्या अंगाने चर्चला ये म्हणण्यासारखं आहे. इथे माणूस आधी स्वतःचं नाव सांगतो, मग बापाचं, मग आईचं माहेर. त्यानंतर समोरच्याची तब्येत विचारतो आणि मग कुठे कामाचं बोलतो. आमच्या चौकीच्या तफोया साहेबांना हे कळायला हवं होतं, तेही इथलेच. पण पोलिसात वर चढत गेलं की माणसं घरच्या गोष्टी विसरतात.

शहात्तरच्या उन्हाळ्यात पेट्रोल पंपावर डेल्फिनोला कोणीतरी गोळी घातली. कॉलेजच्या फीसाठी तिथे काम करायचा बिचारा. आठवड्यामागून आठवडे गेले, पोलिसांच्या हाती काही लागेना. कोणालाच ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही, पण बोलायचं म्हटलं की लोकांची दातखीळ बसायची. मग साहेबांनी नवंच काढलं. खुनाचा प्रसंग नट घेऊन टीव्हीवर दाखवायचा आणि सोबत फोनचा नंबर द्यायचा. फोन करणाऱ्याला नाव विचारायचं नाही, फक्त एक आकडा द्यायचा. बक्षीस मिळायचं झालं तर तेही त्या आकड्यालाच. असलं काही आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

फोनवर बसवलं मला. मी ओफेलिया, चौकीतली टेलिफोन ऑपरेटर, विधवा, एका गुडघ्याने अधू आणि तोंडाने फटकळ.

टीव्हीवर दाखवल्याबरोबर पहिला फोन वाजला.

"हॅलो, मी युसेबियो. कालव्याच्या वळणावरचा, म्हाताऱ्या तिबुर्सियोचा धाकटा. ओफेलियाताई, तुम्हीच ना?"

"अरे बाबा, नाव नको सांगूस!"

"नाव नाही सांगितलं तर तुम्हाला कळणार कसं कोण बोलतंय?"

"कळायचंच नाहीये मला!"

"हे काय बोलणं झालं? बरं, घरचे कसे आहेत?"

शेजारी उभ्या असलेल्या तफोया साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. त्या संध्याकाळी निम्म्या वस्तीने फोन केला आणि झाडून सगळ्यांनी नावं सांगितली. कामाचं एकालाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एकटीच होते. फोन वाजला. नाव नाही, बाप नाही, तब्येत नाही. तोंडावर कापड धरून एक बाई बोलत होती.

"टीव्हीवर दाखवली ती पांढरी गाडी शेवटच्या गल्लीत आहे. जर्दाळूच्या झाडामागे मक्याची कोठी आहे, तिथे ताडपत्रीखाली. बंदूक सीटखाली. गोळी त्यानेच घातली. झोपेत त्या पोराची माफी मागतो."

ती कोठी कासिमिराची होती. आणि 'तो' म्हणजे नेस्तोर, तिचा एकुलता एक. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला मी हातावर धरलं होतं, मी त्याची धर्ममाता. त्या दिवसापासून ती आणि मी कोमाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणींपेक्षा जवळचं मानतात.

मी शिकवल्याप्रमाणे सगळं कागदावर उतरवलं आणि तिला आकडा सांगितला. तिने तो परत म्हणून दाखवला. पण फोन ठेवेना. मी तिचा श्वास ऐकत राहिले. आणि मग जन्माची सवय, दुसरं काय, ती म्हणाली, "गुडघा बरा आहे का गं आता?"

मी पेन्सिल खाली ठेवली.

"बरा आहे," मी म्हणाले. तिने फोन ठेवला.

तो कागद चुरगाळून टाकावा असं मनात आलं, कशाला खोटं बोलू? ज्याला मी पाळण्यात झुलवला त्याला माझ्याच अक्षराने तुरुंगात धाडायचं होतं. पण त्याच्या आईने काळीज उपटून माझ्या हातात दिलं होतं. ते लपवायचा मला काय अधिकार?

"आवाज ओळखीचा वाटला?" कागद हातात घेत साहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

नेस्तोरला संध्याकाळच्या आत पकडलं. त्याने सगळं कबूल केलं. वस्तीत एकच विषय, चुगली कोणी केली? चौकीत नोकरी माझी, त्यांच्या स्वयंपाकघरात रोजची ऊठबस माझी. चार दारं माझ्या तोंडावर बंद झाली. मग रविवारी भर दुपारी कासिमिराचा नवरा पोर्फिरियो माझ्या दारात येऊन उभा राहिला. मागे ती, डोक्यावर काळी ओढणी.

"आत नाही येत मी," तो म्हणाला. "एवढंच सांग, तू सांगितलंस?"

नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. ताडपत्रीखाली काय आहे ते त्या घराबाहेर कोणालाच माहीत नव्हतं. त्याच्यामागे कासिमिराने तोंड उघडलं. ती सांगणारच होती, मला दिसलं. मग तो तिला घराबाहेर काढणार, आणि तुरुंगातल्या पोराला कळणार की आपल्याला आपल्या आईनेच धरून दिलं. त्याला या जगात आता तेवढीच उरली होती.

"हो," मी म्हणाले. "मीच सांगितलं. कोठीत डोकावले होते मी."

पोर्फिरियो माझ्या उंबऱ्यावर थुंकला. "आजपासून तू आमची कोणी नाहीस." मग बायकोकडे वळला. "तूही म्हण. दोघांनी म्हटल्याशिवाय हे नातं तुटत नाही."

कासिमिराने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हण म्हणून. "आजपासून तू माझी कोमाद्रे नाहीस," ती म्हणाली आणि नवऱ्यामागून निघून गेली.

ते सगळं मी पचवलं. शिव्या खायला माझी पाठ टणक आहे.

नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, डेल्फिनोच्या नावाने प्रार्थना होती. पाद्रीबाबांनी सांगितलं, त्याच्या आईची इच्छा आहे की ज्याने नाव न सांगता फोन केला त्याच्यासाठीही सगळ्यांनी प्रार्थना करावी. लोक माझ्याकडे वळून वळून बघत होते. कासिमिरा पुढच्या बाकावर गुडघे टेकून बसली होती. सगळ्यांबरोबर तीही 'आमेन' म्हणाली.

प्रार्थना संपल्यावर डेल्फिनोची आई, अमादिता, सरळ माझ्यापाशी आली. माझे दोन्ही हात धरले, त्यांचं चुंबन घेतलं आणि रडत म्हणाली, "तुमच्याच धर्मपुत्राला तुम्ही धरून दिलंत. माझ्या लेकरासाठी. देव तुमचं भलं करो, ताई."

कासिमिरा हाताच्या अंतरावर उभी होती. तिने सगळं ऐकलं. ते चुंबन तिच्या हक्काचं होतं, ते शब्द तिच्या हक्काचे होते, आणि ते मी तिच्या डोळ्यांदेखत घेत होते.

"देव तुमचंही भलं करो," मी अमादिताला म्हणाले. कासिमिराने ओढणी पुढे ओढली आणि ती दुसऱ्या दाराने बाहेर पडली.