निळा बोया, दोन पिवळे पट्टे

भगवानराव साळसकरांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे नकाशे तपासले. पाटबंधारे खात्यात त्यांच्या टेबलावरून लाल पेन्सिलीची खूण न लागता एक कागद पुढे सरकला नाही, आणि त्याबद्दल खात्यात कोणी त्यांचं कौतुक केल्याचं ऐकिवात नाही. निवृत्त झाल्यावर तपासायला घरच उरलं. कोपरच्या दोन खोल्यांत ते आणि मुलगी वल्लरी, दोघंच. पोळी जरा वाकडी झाली, गॅलरीतली कुंडी चार बोटं सरकली, की शेरा आलाच. शेवटी वल्लरी मेटाकुटीला आली आणि तिने त्यांना एक खेळ लावून दिला.

खेळ असा, की कोणीतरी कुठेतरी एक डबी लपवतं आणि जागेचे अक्षांश-रेखांश अ‍ॅपवर टाकतं. बाकीच्यांनी फोन घेऊन ती शोधायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबी होती तशी ठेवून यायचं. काही आगाऊ मंडळी ठिकाण सरळ सांगत नाहीत, आधी कोडं घालतात. भगवानराव लगेच आगाऊ मंडळींना जाऊन मिळाले.

त्यांच्या कोड्याचं नाव ‘बेटावरचं बंदर’. ठाणं बेटावर वसलंय हे ठाणेकरांच्याच लक्षात राहत नाही, याचा त्यांना जुना राग होता. तो त्यांनी कोड्यात काढला. पहिली आगगाडी कुठल्या साली आली, आजचा तुरुंग पूर्वी काय होता, असे प्रश्न. उत्तरांतून आकडे, आणि आकड्यांतून खाडीकाठच्या जुन्या धक्क्याची भिंत. त्या भिंतीत एक गंजलेली कडी होती. डबी तिथे उठून दिसू नये म्हणून त्यांनी कोळीवाड्यात फेऱ्या मारून वाळत घातलेली जाळी न्याहाळली. जाळ्यांना तरंगत ठेवणारे प्लास्टिकचे पोकळ गोळे असतात, त्यांना बोया म्हणतात. असा एक बोया त्यांनी विकत आणला, त्याला झाकण बसवलं आणि एका जाळ्यावरच्या बोयाचा रंग जसाच्या तसा उतरवला. फिका निळा, वर दोन पिवळे पट्टे. इतका हुबेहूब, की वल्लरीलासुद्धा खरा वाटला. त्या दिवशी त्यांनी पोळीला नावं ठेवली नाहीत.

मग वाट बघणं सुरू झालं. लोकांनी कोडं सोडवलं, धक्क्यावर गेले, आणि एकामागून एक अ‍ॅपवर लिहू लागले: सापडलं नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, अ‍ॅपवर एकही ‘सापडलं’ उमटेना. भगवानराव रोज आकडेमोड तपासायचे. चूक सापडेना, आणि चूक सापडत नाही यापेक्षा वाईट अवस्था त्यांना ठाऊक नव्हती.

एका गुरुवारी अ‍ॅपवर देखरेख ठेवणाऱ्या माणसाचा निरोप आला. डबी जागेवर आहे का ते बघून रविवारपर्यंत कळवा, नाहीतर नकाशावरून काढून टाकतो.

“काढू दे,” भगवानराव म्हणाले. “माझंच गणित चुकलं असणार. वय झालं.”

बाबांनी आपली चूक कबूल करावी असं वल्लरीला कित्येक वर्षं वाटत होतं, पण अशी नको होती.

“बाबा, नुसतं बघून येऊ ना. उद्या मी सुट्टी टाकते.”

“तिथे काही नसलं तर?”

“तर आपण पाणीपुरी खाऊन परत येऊ.”

शुक्रवारी ठाण्याला उतरून रिक्षाने दोघं धक्क्यावर आली. कडी होती, बोया नव्हता. भगवानरावांनी भिंत वरून खालून चाचपली, खाली वाकले, उठले आणि फोनवरचे आकडे पुन्हा ताडून पाहिले. समोर सुकट पसरत बसलेली एक म्हातारी केव्हाची त्यांच्याकडे बघत होती.

“काय हरवलंय?” तिने विचारलं.

डबीचं गुपित परक्यांपाशी फोडायचं नाही, हा खेळाचा शिरस्ता. भगवानराव म्हणाले, “काही नाही, पक्षी बघतोय.”

“भिंतीत?” म्हातारी हसली. “तुमच्यासारखे लई येतात. फोन बघतात, भिंतीला टकाटका बघतात, तोंड पाडून जातात. आमाला वाटलं, नवीन देव निघाला काय.”

वल्लरीला हसू आवरेना. भगवानरावांनी मात्र पहिल्यांदाच शिरस्ता मोडला. “एक बोया होता हो इथे. फिका निळा. वर दोन पिवळे पट्टे.”

म्हातारीचे हात थांबले. “रंग तर आमच्या लिनोचा. तुमचा कसा?”

तिचं नाव मॅग्डलीन आणि लिनो तिचा मुलगा. दोघांना घराकडे नेता नेता तिने सांगितलं ते ऐकून भगवानरावांची पावलं जड होत गेली. इथे प्रत्येक घराचा बोयाचा रंग ठरलेला. वाहून गेलेला बोया कोणाला मिळाला, तर रंग बघून तो ज्याचा त्याला पोचवायचा. कोणी ठेवून घेत नाही. शेजारच्या रघूला भिंतीला लटकलेला निळा बोया दिसला, तसा तो त्याने लगेच लिनोच्या ओट्यावर आणून दिला. भगवानरावांनी नकलेत जराशी हयगय केली असती, तर डबी आजही कडीला असती.

“म्हणजे गणित बरोबर होतं,” वल्लरी हळूच म्हणाली.

“गणित बरोबर होतं,” भगवानराव म्हणाले. त्यांना फारसा आनंद झालेला दिसला नाही.

लिनोच्या ओट्यावर, येशूच्या तसबिरीखाली बोया टांगलेला होता. लिनोने तो काढून त्यांच्या हातात दिला. “झाकण बघूनच मी बोललो, आपला नाय. पन ज्याचा त्याला द्यायचा, तर देनार कोनाला? नाव नाय, गाव नाय. आत कागद होता, सापडला त्याने नाव लिहा म्हनून. मग लिवला.”

भगवानरावांनी झाकण फिरवलं. कागद बाहेर येता येईना, इतका ठासून भरलेला. पहिलं नाव रघूचं, मग लिनोचं, मग मॅग्डलीनचं वळणदार. पुढे नावंच नावं. नोव्हेंबरात लिनोच्या मुलीचं, क्रिस्टलचं, लग्न झालं, तेव्हा तिने आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला सही करायला लावली होती. कागद संपला तशी कॅलेंडरची पानं फाडून जोडलेली. बँडवाल्यांची नावं होती, स्वयंपाक्याचं होतं, आणि एका तान्ह्या बाळाचा शाईत बुडवलेला अंगठाही होता.

वल्लरी बाबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. यांतल्या एकानेही कोडं सोडवलं नव्हतं. नियमाने बघितलं तर सगळ्या नावांवर लाल पेन्सिल फिरायला हवी होती.

भगवानरावांनी सगळी पानं शेवटपर्यंत वाचली. डोळे भरून आले, ते त्यांनी लपवले नाहीत. “माझा डबा कोणाला सापडत नव्हता म्हणून मी झुरत होतो,” ते लिनोला म्हणाले. “आणि इथे अख्खं लग्न लागलंय त्यात.”

त्या दिवशी त्यांना जेवल्याशिवाय कोणी सोडलं नाही. जेवताना मॅग्डलीनने बजावलं, “परत लटकवा, पन आमचा रंग नको. तुमचा तुमी घ्या.” मग कुठला रंग कोणाचा यावर ओट्यावर बराच खल झाला. हिरवा रघूचा, लाल पलीकडच्या आळीचा. शेवटी जांभळ्याला कोणी धनी नाही असं ठरलं, आणि जांभळा साळसकरांचा झाला.

शनिवारी जांभळा बोया कडीला चढला. रविवारी दुपारी अ‍ॅपवर पहिल्यांदा ‘सापडलं’ उमटलं. बदलापूरचं एक जोडपं होतं. भगवानरावांनी तो निरोप वल्लरीला दोनदा वाचून दाखवला.

जूनच्या उधाणात एका सकाळी कोपरच्या दाराची बेल वाजली. बाहेर रघू, घामाघूम, बगलेत जांभळा बोया. ठाण्याहून विचारत विचारत आला होता.

“भरतीत सुटून आलेला, साळसकर. रंग बघून वळखला. म्हटलं, ज्याचा त्याला दिलेला बरा.”

डबी आता कडीला नाही, कोणी शोधायला गेलं तर हात हलवत परत येईल, हे भगवानरावांना कळत होतं. तरीही त्यांनी रघूला खुर्ची दिली, वल्लरीला चहा टाकायला सांगितलं, झाकण उघडून कागद त्याच्यापुढे ठेवला आणि सहीसाठी आपली लाल पेन्सिल त्याच्या हातात दिली.